आमच्या पेटीवाल्या सरांवर विकिपीडियात लेख होऊ शकतो का?

पांढरी_चार
नमस्कार मंडळी. संगीत विभागात टाकू की तंत्रज्ञान विभागात ते ठरेना, म्हणून इथे टाकतेय. ॲडमिन, हलवायचा तर खुशाल हलवा.

मी मिरजेची. नवव्या वर्षापासून ज्यांच्याकडे पेटी शिकले त्या सरांना यंदा अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. नाव मुद्दाम देत नाही, उगाच त्यांच्या नावाने इथे कलगीतुरा नको. सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात पन्नास वर्षं साथ केली. संगीत नाटकांना ऑर्गन, मैफलींना पेटी. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसातल्या संगीत सभेत, चिंचेच्या झाडाखाली, पहाटेपर्यंत बसलेत. त्यांच्यापुढे कोण कोण गाऊन गेलं याची यादी काढली तर तुम्ही म्हणाल थापा मारतेय.

दिवाळीत त्यांच्या नातवाने विचारलं, "आजोबा, तुम्ही गूगलवर का नाही?" सर हसले. मला हसू आलं नाही. मी बसून इंग्रजी विकिपीडियासाठी मसुदा लिहिला. तीन आठवड्यांनी तो परत आला. शेरा असा, की या व्यक्तीबद्दल स्वतंत्र आणि विश्वसनीय स्रोतांत पुरेसं सविस्तर लिहिलेलं दिसत नाही.

सरांच्या कात्रणांची फाइल माझ्याकडेच होती. रात्री परत काढून बसले. त्रेचाळीस कात्रणं आहेत. एकेचाळिसांत सर बातमीच्या शेवटच्या ओळीत आहेत. "त्यांना तबल्यावर अमुक यांनी व संवादिनीवर तमुक यांनी समर्पक साथ केली." समर्पक, अनुरूप, सुरेल आणि रंगतदार. पन्नास वर्षं हे चारच शब्द आलटून पालटून. त्यातही नाव तीन वेगवेगळ्या प्रकारे छापलंय. उरलेल्या दोनांपैकी एक सत्काराची बातमी. दुसरा फोटो आहे, गायकाचा. त्याच्या डाव्या कडेला भात्यावरचा एक हात दिसतो. अंगठीवरून ओळखला, सरांचाच.

तर प्रश्न असा, की पन्नास वर्षं एकेक ओळ मिळाली तर त्याचा लेख होतो की नाही?

खवचट_काका
रुमाल टाकून ठेवतो. शंभरी गाठणार हा धागा.

मिरज_लोकल
ताई, कोण ते ओळखलं. बोलत नाही. पण झालाच पाहिजे लेख. गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी फुकट शिकवलंय.

नियमावली
इंग्रजी आणि मराठी दोन्ही विकिपीडियांवर बरीच वर्षं संपादन करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. राग मानू नका, पण मसुदा नाकारला ते नियमाला धरूनच आहे.

तिथल्या परिभाषेत याला 'उल्लेखनीयता' म्हणतात, आणि या शब्दानेच सगळा घोळ घातलाय. वाचणाऱ्याला वाटतं, आमचा माणूस उल्लेख करण्याच्या लायकीचा नाही असं म्हणतायत. खरं तर तपासणाऱ्याने सरांची पेटी ऐकलेली नसते आणि ती ऐकून मत देण्याचा त्याला अधिकारही नसतो. तो फक्त एवढं बघतो, की या माणसाशी नातं, मैत्री किंवा व्यवहार नसलेल्या कुणी त्याच्याबद्दल दोन-चार परिच्छेद लिहून जबाबदार ठिकाणी छापलेत का. तसं दोन-तीन ठिकाणी सापडलं, तर लेख टिकतो.

संगीतकारांसाठी काही वेगळ्या खुणाही दिल्या आहेत. मोठ्या कंपनीकडून दोन किंवा अधिक अल्बम, राष्ट्रीय पातळीवरचा मोठा पुरस्कार, देशाच्या विक्री-यादीत गाणं, असं काही. पण त्यांतली एखादी जुळली तरी पुढे लिहायला स्रोत लागतातच. शेवटच्या ओळीला तिथे 'ओझरता उल्लेख' म्हणतात. असे एकेचाळीस जोडले तरी एक सविस्तर लेख होत नाही. एक्केचाळीस वेळा शून्य.

आणखी एक. तुमच्या मसुद्यात 'निगर्वी', 'ऋषितुल्य', 'संगीताला वाहून घेतलेले' असे शब्द आहेत का? असतील, पैज लावतो.

पांढरी_चार
@नियमावली, 'ऋषितुल्य' नव्हतं. बाकी दोन्ही होते. :(

खवचट_काका
कानाची पाळी धरून लिहिलेला लेख तटस्थ कसा असेल हो ताई?

पांढरी_चार
काका, हसले. पण मग लिहायचं कुणी? सरांना जवळून ओळखणारे सगळे एकतर शिष्य, नाहीतर ज्यांना साथ केली ते गायक. दोघेही 'संबंधित'. ज्याचा संबंध नाही त्याला सर माहीतच नाहीत.

नियमावली
संबंधित माणसाला बंदी नाही. आपला संबंध उघड सांगायचा आणि मसुदा तपासणीला द्यायचा, म्हणजे तुम्ही केलंत तेच. स्रोत मात्र संबंधितांचे चालत नाहीत. गौरव समितीने काढलेली स्मरणिका, संस्थेची निमंत्रणपत्रिका, शिष्याचा वाढदिवसाचा लेख, हे सगळं बाद.

भौतिकवाली
संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, पण हे प्रकरण आमच्या क्षेत्रातलंच वाटलं. डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा विकिपीडियाचा मसुदा मे २०१८ मध्ये अशाच शेऱ्यासह नाकारला होता. ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मग त्याच दिवशी लेख आला. खूप गवगवा झाला तेव्हा. पण मसुद्यात दिलेले स्रोत खरंच तोकडे होते, असंही पुष्कळांनी दाखवून दिलं. म्हणजे बाईंचं काम तीस वर्षं जागेवर होतं, त्यांच्याबद्दल कुणी लिहिलेलं नव्हतं. विकिपीडिया आरसा आहे म्हणतात. ठीक आहे, पण आरशासमोर कुणाला उभं राहू देतात तेही बघा ना.

खवचट_काका
म्हणजे सरांना नोबेल मिळेपर्यंत थांबायचं. पेटीला नोबेल आहे का?

जुनी_तबकडी
पेटीला नोबेल नाही. बंदी मात्र होती!

१ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला मज्जाव होता. जॉन फोल्ड्स नावाचे पाश्चात्त्य संगीतकार त्याआधी दिल्ली केंद्रावर होते, त्यांनी पेटीविरुद्ध लिहिलं होतं. आपल्याकडच्या अनेक विद्वानांनाही हे परदेशी, ठरीव स्वरांचं, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) न निघणारं वाद्य नकोच होतं. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे तीस वर्षं देशातलं सर्वांत मोठं व्यासपीठ, त्याच्या श्रेण्या, त्याची कार्यक्रमपत्रिका, त्याचं ध्वनिसंग्रहालय, या सगळ्यांत पेटीवाला औषधालाही नाही. घरोघरी, नाटकात, कीर्तनात, मैफलीत तोच होता. कागदावर नव्हता. आता कागद दाखवा म्हणायचं!

तबकड्यांचंही तेच. सुरुवातीच्या काळात गायक शेवटी स्वतःचं नाव पुकारायचे, 'माय नेम इज गौहर जान' सगळ्यांना माहीत आहे. साथीदाराने कधी नाव पुकारल्याचं ऐकलंय? लेबलवरही नाही. मुंबईच्या 'यंग इंडिया' छापाने १९३५ ते १९५५ या काळात कितीतरी नवख्या गायकांना संधी दिली, कारण नाववाले आधीच मोठ्या कंपन्यांशी बांधलेले. माझ्याकडे त्यातल्या साठेक तबकड्या आहेत. गाणारे निदान नावापुरते उरले. त्यांच्या मागे वाजणारी पेटी कुणाची, ते शोधण्यात माझी दहा वर्षं गेली आणि हाताला पाच नावं लागली. बायको म्हणते, एवढ्यात एक वन बीएचके झाला असता.

पांढरी_चार
हे सरांना विचारलं होतं एकदा! ते म्हणाले, उमेदीच्या वयात रेडिओची परीक्षा द्यायची सोयच नव्हती. त्यांचे गायक मित्र रेकॉर्डिंगला जायचे. हे स्टेशनपर्यंत सोडायला जायचे आणि घरी येऊन रेडिओ लावायचे. आत साथीला सारंगी.

वाई_वेस
मराठी विश्वकोश बरा की मग. आमच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केला. पहिला खंड १९७६ चा. संपादक मंडळ बसायचं, नोंद घ्यायची की नाही ते ठरवायचं, जाणकार माणसाकडून लिहून घ्यायचं. असली भानगडच नाही. जाणत्याचा शब्द प्रमाण.

नियमावली
जाणत्याचा शब्द प्रमाण, पण जाणते कोण ते कोण ठरवणार? शिवाय कागदाच्या वीस खंडांत जागा मोजून असते. साथीदारांच्या स्वतंत्र नोंदी तिथे तरी किती सापडतील?

वाई_वेस
फारशा नाहीत हे खरं. चहा पिऊन येतो.

मीटरमध्ये_बसेना
माझा मावसभाऊ रॅपर आहे. (हसू नका.) त्याला फोन आला, चाळीस हजारांत विकिपीडिया पेज करून देतो, मग ब्लू टिक सोपी पडते. त्याने दहा ॲडव्हान्स दिले. पेज आलं, आठवड्यात उडालं. परत फोन, आणखी पंधरा द्या, 'संरक्षण' देतो.

नियमावली
सगळ्यांनी हे लक्षात ठेवा. तिथे पेज विकत मिळत नाही. २०१५ मध्ये असल्याच टोळीची ३८१ खाती इंग्रजी विकिपीडियाने एका झटक्यात बंद केली. ज्यांचे मसुदे नाकारले जायचे त्यांनाच हे लोक गाठायचे आणि वर दरमहा रखवालीचे पैसे मागायचे. पांढरी_चार, तुम्हालाही ईमेल येईल. उत्तर देऊ नका.

पांढरी_चार
आलंय की! मंगळवारीच. मला वाटलं विकिपीडियाकडूनच आहे. बरं झालं बोललात.

न्यूजर्सीची_आजी
अवांतर आहे, पण लिहिते. आमच्या मंडळाच्या गणपतीला एकदा पुण्याहून मोठे गायक आले होते. ते अध्यक्षांच्या घरी उतरले. तबलजी आणि पेटीवाले आमच्याकडे, बेसमेंटमध्ये. सकाळी सहाला खालून पेटीचा आवाज. मी उपमा घेऊन गेले तर पेटीवाले म्हणाले, "वहिनी, प्रवासात एक स्वर हललाय, तो बसवतोय." स्क्रू ड्रायव्हर माझ्याच ह्यांचा. तासभर एका स्वरपट्टीशी झटत होते, उपम्याचा पार दगड झाला. संध्याकाळी गायकांनी सगळ्यांचे आभार मानले, साउंडवाल्याचेसुद्धा. आता ते नाव मला आठवत नाही हो. चेहरा आठवतो.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडचा एक दाखला इथे चपखल बसतो. मुंबईच्या सिनेमात गोव्याचे ख्रिस्ती वादक आणि अरेंजर शेकड्यांनी होते. पडद्यावर नाव संगीतकाराचं, वाद्यवृंदाचं लिखाण यांचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचं नाव घातलं. देशभर ते नाव तोंडी झालं, पण असा खराच एक माणूस आहे हे किती जणांना ठाऊक होतं? ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकाने या वादकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या आणि २००८ मध्ये पुस्तक काढलं. त्यातून कितीतरी अंधारातली माणसं स्रोतासकट उजेडात आली. एका माणसाने दारोदार जाऊन विचारलं, एवढंच काय ते घडलं.

पांढरी_चार बाय, तुम्ही लेख लिहायला चाललात. आधी बूथ शोधा.

खवचट_काका
मतदान केंद्रावर मिळेल. ;)

निळी_पहाट
इतका वेळ नुसती वाचत होते. आता राहवेना.

तुमच्या सरांना शेवटची ओळ तरी मिळाली. त्रेचाळीस कात्रणं आहेत. माझ्या वडिलांचं एकही नाही. ते ढोलकी वाजवायचे, भीमगीतांच्या कार्यक्रमांत. चौदा एप्रिलच्या आसपास महिना-महिना घरी नसायचे. नांदेड, परभणी, अकोला, मुंबईच्या चाळी. मैदान भरून माणसं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ओळसुद्धा नाही, कारण बातमीदार आलेलाच नसायचा. वामनदादा कर्डकांवर विकिपीडियात लेख आहे, असायलाच हवा, त्यांच्यावर पुस्तकं झाली, अभ्यास झाला. पण ज्यांनी ती गाणी वाडी-वस्तीवर नेली त्या गायन पार्ट्यांतल्या माणसांचा कागद कुठून आणायचा?

कॅसेटी आहेत. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या, स्थानिक कंपन्यांच्या. वेष्टनावर गायकाचं नाव आणि पुढे दोन शब्द, 'आणि पार्टी'. माझे वडील म्हणजे 'आणि पार्टी'.

स्वतंत्र, विश्वसनीय, सविस्तर. तिन्ही शब्द बरोबर असतील. पण हा नियम पेपरवर विश्वास ठेवतो आणि पेपर कुठल्या गल्लीत जायचा हे तुम्हाला मलाही ठाऊक आहे.

भौतिकवाली
+१००

मिरज_लोकल
काय बोलणार. बाबा आहेत का अजून?

निळी_पहाट
आहेत. ऐकू कमी येतं. बोटं अजून टेबलावर चालतात.

नियमावली
@निळी_पहाट, यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. हा प्रश्न विकिपीडियातही उठलाय. अचल प्रभला यांनी २०११ मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत तोंडी संदर्भांचा प्रयोग केला होता. जे छापलं गेलंच नाही, ते जाणकारांकडून ध्वनिमुद्रित करून संदर्भ म्हणून वापरायचं. त्यावर बराच वाद झाला. तपासायचं कसं, उद्या कुणीही काकांना बसवून काहीही वदवून घेईल, वगैरे. पद्धत म्हणून ते काही रुजलं नाही.

तरी नियमाची बाजू मांडतो, कारण मी दुसरं टोकही रोज बघतो. स्रोताची अट काढली तर उद्या तुमचे वडील येणार नाहीत, मीटरमध्ये_बसेना यांचा मावसभाऊ पहिला येईल. पाठोपाठ नगरसेवकाचा भाचा.

मीटरमध्ये_बसेना
भाऊ चांगला आहे हो. फक्त तालात नाही.

निळी_पहाट
कळतंय मला. भांडत नाहीये. पण 'उल्लेखनीयता' हा शब्द तरी बदला.

वाई_वेस
चहा पिऊन आलो. एक शंका. गायक भास्करबुवा बखल्यांची एकही तबकडी उपलब्ध नाही. १९२२ ला गेले. 'दोन अल्बम' वाली खूण लावली तर गेले का तेही? पण त्यांच्यावर लेख आहे, कारण लिहिलंय भरपूर. मास्तर कृष्णराव, बालगंधर्व असे शिष्य, भारत गायन समाज, 'स्वयंवरा'च्या चाली. म्हणजे शेवटी आवाज नाही, शाई टिकते. गाण्याच्या बाबतीत हे जरा विचित्रच नाही का?

जुनी_तबकडी
बुवांच्या गाण्याचं इतकं वर्णन वाचलंय की मला ते ऐकल्यासारखं वाटतं. आणि माझ्या साठ तबकड्यांतली पेटी रोज ऐकतो तर ती कुणाचीच नाही. तुमचं बरोबर आहे.

चहाटळ
तुळशीदास बोरकरांवर आहे ना लेख? अप्पा जळगावकरांवर? मग पेटीवाल्यांवर अन्याय कसला? जे मोठे होते त्यांच्यावर आहेत.

पांढरी_चार
बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि स्वतंत्र पेटीवादनामुळेही त्यांच्यावर लिहिलं गेलं. सरांनी सोलो कधी केलं नाही. सांगितलं तर म्हणायचे, "मला गाणाऱ्याच्या मागे दोन पावलं चालायला आवडतं." पुढे जाऊ नये, मागे पडू नये, गायक श्वास घेईल तेवढ्या जागेत त्याचीच तान अर्ध्या आवाजात ठेवून द्यायची. हे नीट जमलं तर ऐकणाऱ्याला पेटी वाजतेय हे कळतसुद्धा नाही. म्हणजे काम जितकं चांगलं, तितकी बातमी कमी.

खवचट_काका
हे वाक्य मसुद्यात घातलं असतंत तर मी पास केला असता.

नियमावली
मी नसता केला. :) पण कुणी दुसऱ्याने हे मासिकात लिहिलं तर मी स्वतः संदर्भ म्हणून जोडेन.

आता कामाचं सांगतो. मसुद्याला सहा महिने कुणी हात लावला नाही तर तो उडवतात, तेव्हा अधूनमधून काहीतरी दुरुस्त करत राहा. दुसरं, लेख नाही झाला तरी सरांचं नाव विकिपीडियात येऊ शकतं. ज्या नाट्यसंस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं ऑर्गन वाजवला तिच्यावरच्या लेखात, कात्रणाच्या संदर्भासह, एक ओळ. ओझरता उल्लेख तिथे पुरतो.

पांढरी_चार
पुन्हा एकच ओळ!

खवचट_काका
पण 'समर्पक' काढून.

पांढरी_चार
बरेच दिवसांनी येतेय. दोन गोष्टी झाल्या.

नगर वाचनालयात जुने दिवाळी अंक बांधून ठेवलेत. तीन दुपारी धूळ खाल्ली. एका अंकात नाटकातल्या ऑर्गनवर लेख मिळाला, लेखक आमच्यापैकी कुणी नाही, आता हयातही नाहीत. त्यात सरांवर सव्वा पान! पायपेटीच्या भात्याला दौऱ्यात उंदराने भोक पाडलं आणि सरांनी सायकलच्या पंक्चरचा तुकडा डकवून तिसरा अंक काढला, हा किस्सा तारखेसकट. @नियमावली, चालेल?

नियमावली
चालेल काय, धावेल. अंकाचं नाव, वर्ष, पान, लेखकाचं नाव नीट टिपून ठेवा. पानांचा फोटोही काढा. पण हा एक झाला. असा आणखी एक तरी हवा.

पांढरी_चार
तीच दुसरी गोष्ट. संगीतावरच्या एका मासिकाच्या संपादकांना मी मांडवीकाठ यांचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला. ते म्हणाले, शिष्येचा लेख नको, आमचा माणूस पाठवतो, पण एकट्या सरांवर नाही, साथीदारांवर मालिका करू. पेटी, तबला, सारंगी, टाळ. मी म्हटलं, ढोलकी? ते दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, नंबर द्या.

निळी_पहाट, तुम्हाला निरोप टाकलाय, बघा.

सरांना सगळं सांगितलं. विकिपीडिया म्हणजे काय ते अजून नीट कळलेलं नाही. मसुदा मराठीत वाचून दाखवला तर शेवटी एवढंच विचारलं, "त्यात माझी पट्टी काळी चार का लिहिलीस? पांढरी चार."

निळी_पहाट
निरोप पाहिला. बाबांना मोठ्याने ओरडून सांगावं लागलं, शेजारच्यांनाही कळलं. घरातल्या कॅसेटी काढल्या. एकतीस आहेत. चारांवर त्यांचं नाव आहे, तेही आतल्या घडीवर, आडनाव चुकवून. उरलेल्या सत्तावीस 'आणि पार्टी'. सगळ्या वेष्टनांचे फोटो काढून ठेवतेय. कुठल्या कॅसेटवर आणखी कोण कोण होतं ते बाबा सांगतायत, मी मागे पेन्सिलीने लिहितेय. सातव्या कॅसेटपाशी झोपले. उद्या पुढच्या.

जुनी_तबकडी
पेन्सिलच वापरा. शाई उतरते.

मिरज_लोकल
मासिकवाले कधी येतायत?

पांढरी_चार
येत्या रविवारी चारला. ट्रायपॉड असेल तर घेऊन या. चहा सरांकडे. आणि स्क्रू ड्रायव्हरही आणा, मंद्रातला पंचम अडकतोय.